वरची मूठ

पहिल्या आठवड्यात मालनकाकूंचं वजन दीड किलोनं उतरलं, आणि ते दीड किलो म्हणजे त्यांच्या माहेरची विहीर होती.

हे कळलं ते मागच्या दारातल्या काट्यामुळं. बायपासवरच्या त्या मोठ्या दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं आत शिरताना आणि बाहेर पडताना वजन होत असे. आधी झडती घ्यायचे. पण बायका म्हणाल्या, अंगाला हात लावलेला चालणार नाही, आणि ते बरोबरच होतं. तेव्हा फरशीत लोखंडी पाटा बसवला. त्यावर उभं राहायचं, शेजारी स्टुलावर बसलेली तबस्सुम आकडा बघायची, लिहायची, आणि मानेनंच जा म्हणायची. आत जाताना जेवढे होता तेवढेच बाहेर पडलात तर तुम्ही प्रामाणिक. जास्त भरलात तर पिशवी उघडा. जेवण डब्यात असलं काय आणि पोटात गेलं काय, वजन तेच. बाथरूमला जाऊन आलेल्यांना पाव किलोची सूट होती.

कमी भरणाऱ्यांसाठी नियमच नव्हता. तसं कधी झालं नव्हतं.

“काकू, आज पण कमी,” तबस्सुम म्हणाली. “काल तीनशे ग्रॅम, आज अडीचशे. आत काय ठेवून जाताय?”

“मी काय ठेवणार बाई? पर्ससुद्धा तुझ्यापाशी असती.”

“मग उन्हानं असेल.”

“एसीत कसलं ऊन?”

दोघी हसल्या. काकू रिक्षात बसल्या आणि वाटेत त्यांच्या मनात आलं, आपण माहेरी पाणी कुठनं आणत होतो? घागर आठवली. कमरेला लागणारा तिचा गारवा आठवला. डोक्यावरची चुंबळ आठवली, ती जुन्या लुगड्याची होती हेही आठवलं. पण घागर बुडवायची कुठं, ते काही केल्या आठवेना. त्या जागी नुसतं सपाट अंगण होतं, झाडून काढल्यासारखं.

मालन कोरे हे नाव पेठेत सगळ्यांना माहीत होतं. दत्ताच्या देवळासमोर कोऱ्यांचं किराणा दुकान दोन पिढ्या चाललं. त्या दुकानाला रंगीत पाटी नव्हती. पुढं पोत्यांची रांग, पोत्यांची तोंडं पातळाच्या काठासारखी बाहेरच्या बाजूला गुंडाळलेली. आत हिंगाचा वास, गुळाचा वास, आणि रॉकेल विकणं बंद होऊन वीस वर्षं झाली तरी रॉकेलचाही. मोजताना तिथं एक म्हणत नसत. लाभ, दोन, तीन, असं मोजत. काकूंचे यजमान शिवलिंगअप्पा गल्ल्यावर बसत. चार वर्षांमागं ते गेले, त्याच सुमारास बायपासवर हे मोठं दुकान झालं, आणि कोऱ्यांच्या दुकानाचं शटर जे खाली आलं ते खालीच राहिलं. वरच्या मजल्यावर काकू, मुलगा महांतेश, सून दीपाली आणि सहा वर्षांची नात ओवी असे चौघं राहत.

सकाळी दहा ते दोन, सुट्या धान्याच्या विभागात, अशी ती नोकरी होती. दीपालीला ते पटलं नव्हतं.

“आई, लोक काय म्हणतील? ज्यांनी आपलं दुकान बसवलं त्यांच्याकडंच तुम्ही?”

“लोकांचं असू दे. धान्यात हात घालून चार वर्षं झाली गं. हाताला कसंनुसं होतंय. रात्री उशीत हात घालून बसते.”

दुसऱ्या दिवशी दीपालीनंच त्यांचा डबा भरला.

आता वरच्या मुठीचं सांगायला हवं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सासरे अंथरुणाला खिळले आणि अप्पांनी नव्या नवरीला तराजूपाशी उभं केलं. पारडं बरोबर झालं. मालननं पिशवीचं तोंड आवळलं.

“थांब,” अप्पा म्हणाले. “वरची मूठ राहिली.”

“माप तर बरोबर झालंय की.”

“ते तुला दिसतंय. गिऱ्हाइकाला तराजूची मागची बाजू दिसती. त्यांना मूठ दिसू दे.” आणि त्यांनी पिशवीवर धरलेली तिची मूठ करंगळीपासून एकेक बोट सोडवून उघडली.

तेव्हापासून चाळीस वर्षं मालननं प्रत्येक मापावर एक मूठ टाकली. हाताला ती इतकी बसली की पुढं पुढं मनाला विचारायची गरजच उरली नाही. घरी आमटीत मीठ टाकून झालं तरी हात पुन्हा डब्याकडं जायचा, आणि तो धरून ठेवावा लागायचा.

नव्या दुकानात तराजू नव्हता, यंत्र होतं. पिशवी ठेवली की आकडा उमटायचा, वजन-किमतीची चिकटपट्टी बाहेर यायची, ती पिशवीला लावायची आणि पिशवी गिऱ्हाइकाला द्यायची. काकू पट्टी लावत, आणि मग हात पारदर्शक कोठीत जाई, मूठ भरून वर येई आणि पिशवीत रिकामी होई. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी. मॅनेजर निनाद सरांच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं. निनाद सर तिशीचे होते आणि सगळ्यांशी फार सभ्यपणे बोलत.

“मॅडम, पट्टी लागल्यावर वर काही टाकायचं नाही. तुमची एक मूठ म्हणजे साठ ग्रॅम आहे. मी बघितलंय.”

“चुकलं सर. सवय आहे.”

“सवय समजू शकतो. पण माल कमी पडला तर मला वर सांगावं लागेल.”

त्यांनी सगळ्या कोठ्या मोजायला लावल्या. एक दाणा कमी नव्हता. त्यांनी पुन्हा मोजायला लावल्या. मग ते काकूंच्या शेजारी येऊन जरा वेळ उभे राहिले, त्यांच्या हाताकडं बघत. मूठ कोठीतून निघत होती, पिशवीत पडत होती, पिशवी फुगत होती, आणि कोठी होती तेवढीच होती.

“म्हणजे आपलं काही जात नाही,” निनाद सर म्हणाले. “मग चालू द्या.”

दुसऱ्या आठवड्यात पोपटी ड्रेसमधली एक बाई लगबगीनं काउंटरपाशी आली.

“काकू, तुमच्याकडनं आंबेमोहोर नेला होता. जेवताना आमच्या ह्यांना एकदम विहीर आठवली. दगडी, आत उतरायला पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीवर कासव. आमच्याकडं कधी विहीर नव्हती हो, आम्ही कॉलनीतले. पण हे म्हणाले, मला त्या कासवाचं नावसुद्धा माहीत आहे.”

“काय नाव?”

“सांगत नाहीत. रडले थोडे. छान वाटलं त्यांना. अजून एक किलो द्या.”

काकूंनी एक किलो दिला, पट्टी लावली, आणि हात कोठीत गेला. या वेळी त्यांनी लक्ष देऊन पाहिलं. मूठ पिशवीत सुटली तेव्हा त्यांच्या आत कुठंतरी पाणी हलल्यासारखं झालं आणि थांबलं. त्या संध्याकाळी त्यांनी घागर आणि ते कासव शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तेव्हा कळलं की विहीर आपली होती. आपली होती हे कळलं, इतकंच. ती दिसली नाही.

पुढं सगळं रीतसर होत गेलं. तांदळाबरोबर पाणी जाई: विहीर गेली, ओढा गेला, परातीत ओवीचे पाय धुतलेलं पाणीही गेलं. गव्हाबरोबर जागा जात: माजघर, न्हाणी, शाळेचा व्हरांडा. ज्वारीबरोबर माणसं जात. माणसं जड असतात, ज्वारीच्या दिवशी काटा जास्त उतरे. अंगानं काकू होत्या तशाच दिसत. पण जिन्याची तिसरी पायरी त्यांच्या पायाखाली करकरेनाशी झाली, आणि गादीवरून उठल्या तर मागं खळगा राहत नसे.

गिऱ्हाइकांना हे नियम काकूंच्या आधीच कळले. दहा वाजता दारं उघडली की रांग थेट धान्याकडं येई.

“आजोळ पाहिजे असेल तर गहू घ्या, ताई. तांदळात नुसतं पाणी येतं.”

“मी ज्वारी नेली तर सासू आली हो. माझी एक घरात आहेच की! आता दोन झाल्या.”

“लग्नाचं काही मिळेल का? आमचं रजिस्टर झालं होतं.”

“लग्न ज्वारीत. सरका पुढं.”

हे ‘सरका पुढं’ म्हणणारे बाबर. एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रांग दिसली की त्यांना राहवत नसे. एकटे राहत. रोज कापडी पिशवी घेऊन येत आणि पाव किलो गहू नेत. पाव किलोवरही मूठ तेवढीच पडते, हे त्यांनी हेरलं होतं. एकदा एक किलो गहू घ्यायला चार वेळा रांगेत उभे राहिले.

“काकू, रागावू नका,” एक दिवस ते म्हणाले. “पण तुमचं दुकान आता माझ्याकडं आहे.”

“कुठलं दुकान?”

“बघा! तेच म्हणतोय. देवळासमोरचं. दारात दगडी उंबरा, त्याला डाव्या बाजूला खाच पडलीय. लोक तिथं पाय पुसायचे. मी सकाळी चहा घेतो आणि त्या उंबऱ्यावर जाऊन बसतो. माझं आयुष्य बसमध्ये गेलं, काकू. मला बसून आठवावी अशी एकबी जागा नव्हती. जी होती ती पळत होती.”

काकूंनी डोळे मिटून उंबरा शोधला. रोज त्या बंद शटरपुढच्या त्याच उंबऱ्यावरून येत होत्या. पायाला तो लागत होता. मनात मात्र जिन्यावरून एकदम रस्ता लागत होता.

“परत द्या ना,” त्या म्हणाल्या.

“कसा देऊ? पोळ्या करून खाल्ल्या. सांगतो पाहिजे तर.”

त्यांनी सांगितलं. फार चांगलं सांगितलं, बारीकसारीक काही सोडलं नाही. पोत्यांची तोंडं सांगितली, रॉकेलचा वास सांगितला. काकूंनी मान हलवत ऐकलं, जसं आपण रेल्वेत समोरच्या बाईच्या गावचं ऐकतो.

निनाद सरांनी काकूंचं टेबल एका चौथऱ्यावर नेलं, म्हणजे लांबून दिसेल. वर फलक लागला: ‘वरची मूठ फक्त येथे’. मोठ्या ऑफिसातून शाबासकी आली. या कंपनीची एकशेबेचाळीस दुकानं होती आणि सगळीकडं ही पद्धत सुरू करा असं कळवलं गेलं. पण दुसरीकडच्या मुलींनी मुठी टाकल्या तर कोठ्याच कमी झाल्या. त्या मुलींना घरी पाठवलं.

काकूंनी राजीनामा लिहून नेला, तेव्हा निनाद सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

“मॅडम, तुम्ही आलात तेव्हा बासष्ट किलो चारशे होता. आज एक्कावन्न.”

“म्हणूनच जाते म्हणतेय.”

“तसं नाही जाता येत. आम्ही कमी वजनाचा माणूस सोडत नाही. उद्या तुमच्या घरचे येतील, म्हणतील आम्ही पूर्ण बाई पाठवली होती. आधी वजन भरून द्या.”

“देते की. दोन महिने तूप खाते.”

“खाऊन वाढलेलं धरत नाहीत. ते तबस्सुमला काट्यावर कळतं.” ते उठले आणि त्यांनी काकूंसाठी काचेचं दार उघडून धरलं. “आणि ज्वारीवर सोमवारपासून सूट लागतेय. गर्दी होईल. जरा लवकर या.”

गुरुवारी काकू गेल्याच नाहीत. दीपालीला म्हणाल्या, बरं वाटत नाही. दहा वाजता त्या भाजी निवडायला बसल्या. सव्वादहाला स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी दाराकडून पांढरी व्हायला लागली. साडेदहाला ती गॅसच्या ओट्यापर्यंत पांढरी झाली होती, आणि फ्रीजच्या बाजूची भिंत लांब झाली होती. इतकी की टोकाला कॅलेंडर होतं ते नुसतं टिकलीएवढं दिसत होतं. अकराला त्या भिंतीला लागून कोठ्या उभ्या होत्या. तांदूळ, गहू, ज्वारी. मग भिंतीच्या त्या टोकाकडून माणसं येताना दिसली, हातात पिशव्या, एकामागं एक.

“सरका पुढं,” मागून कुणीतरी म्हणत होतं.

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि हात धुतले. दोन वाजता भिंत आपल्या जागी आली. त्या दिवशी त्यांच्या माहेरचे दोघे भाऊ गेले.

सोमवारपासून ज्वारी सुरू झाली. काकूंनी विनंती केली होती की मला गव्हावर ठेवा, जागा गेल्या तर जाऊ देत. पण बाकीच्या कोठ्यांवर झाकणं लागली होती. मंगळवारी सासूबाई उरल्यासुरल्या गेल्या. बुधवारी शेजारची सुलभा गेली, तिच्याबरोबर तिच्या हातची कटाची आमटीही. काकू वर येऊन सोफ्यावर बसल्या तेव्हा चाळिशीचा एक माणूस टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “आई, चहा टाकू?”

काकू चटकन उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

“नको हो, तुम्ही कशाला त्रास घेताय?”

दीपाली खो खो हसली. तिला वाटलं, सासूबाई चेष्टा करतात. तो माणूसही हसला, पण त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. काकूंना नंतर, अर्ध्या तासानं, खालून रस्त्यावरून कुणीतरी “ए महांतेश” अशी हाक मारली तेव्हा नाव मिळालं. नाव त्या माणसाला लावलं तर ते बसलं. पण सैल बसलं. त्याचं लहानपण कुठंच नव्हतं. ते कुणाच्या तरी भाकरीत गेलं होतं.

ओवी त्यांच्या मांडीवर येऊन बसली. पुढचे दोन दात पडलेली, सारखी जिभेनं ती फट चाचपणारी. काकूंनी तिला घट्ट धरलं. अजून ही पूर्ण होती.

“आजी,” ओवी म्हणाली, “तुझ्या मांडीवर बसलं की खाली पडल्यासारखं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी काकू अर्धा तास आधी गेल्या. मागच्या दारात तबस्सुम एकटीच होती, स्टुलावर बसून केळं खात होती.

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. “काकू, असं कसं चालेल?”

“हात थांबत नाही गं. काल दीपालीच्या ओढणीनं टेबलाला बांधला, तर टेबल सरकलं.”

“तुम्हाला शिकवलं कुणी हे?”

“आमच्या ह्यांनी.”

“ते आहेत अजून आत?”

काकूंनी स्वतःच्या आत पाहिलं. आत आता फार मोकळं होतं. त्या मोकळ्या जागेत अप्पा गल्ल्यावर बसले होते, कपाळाला भस्म, कानावर पेन्सिल. गल्ल्याच्या खाली दुकान नव्हतं, तरी ते बसलेच होते.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “ते काही हलत नाहीत. इतकी ज्वारी गेली, पण ते नाही गेले.”

तबस्सुमनं केळ्याची साल नीट घडी घालून कागदात ठेवली.

“मग हात त्यांचं ऐकतोय. तुमचं नाही ऐकणार. ते गेले की थांबेल.”

“काय बोलतेस?”

“मी रोज आकडे बघते, काकू. मला जे दिसतं ते सांगते. त्यांना देऊन टाकलं तर बाकीचं राहील. पोरगा अर्धा आहे, तेवढा राहील. नात राहील. नाहीतर बाकीचे सगळे जातील आणि ते एकटे राहतील आत.”

“राहू देत की.”

“कुणाच्या आत? तेव्हा तुम्ही किती असाल? पाच किलो? दोन?” तिनं पेन उघडलं. “माझी अम्मी असती तर तिलाही हेच सांगितलं असतं. जा, दहा वाजले.”

काकू चौथऱ्यावर चढल्या. रांग दारातून बाहेर पडून पार्किंगला वळसा घालत होती. त्यांनी एकेकाला ज्वारी दिली. प्रत्येक मुठीच्या वेळी त्या अप्पांकडं बघत आणि प्रत्येक मुठीच्या वेळी त्यांचं धाडस होत नसे. मग हात आपल्या मनानं शेजारचं काहीतरी उचले. बालवाडीच्या बाई गेल्या. मावशी गेली. दिवाळीला उटणं घेऊन येणारा एक म्हातारा होता, तो गेला. साडेअकराला महांतेशचं कॉलेज गेलं, आणि बाराला त्याचं लग्न, आणि लग्नाबरोबर दीपालीचा निम्मा चेहरा.

कर कर करत चिकटपट्ट्या निघत होत्या. निनाद सर लांबून अंगठा दाखवत होते.

दीडला बाबर समोर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात नवी पिशवी.

“आज ज्वारी,” ते म्हणाले. “एक किलो.”

“तुम्ही तर गहू नेता.”

“गव्हाचं काम झालं, काकू. सगळी जागा आली माझ्याकडं. दुकान आलं, माडी आली, मागची मोरी आली. आता तिथं मी रोज जातो. पण गल्ल्यावर एक जण बसलेला असतो.” त्यांनी आवाज खाली आणला. “पाठमोरा. मी म्हणतो, राम राम. म्हणतो, शेठ, पाव किलो साखर. तो वळत नाही. महिना झाला. मला त्या घरात परक्यासारखं वाटतंय. एकदा त्याचं तोंड दिसू दे. मग मला काही नको.”

“ते माझे आहेत.”

“ठाऊक आहे. पण दुकान माझं आहे आता. माणूस एकीकडं आणि दुकान एकीकडं, हे बरं दिसतं का? त्यांनाबी बसायला जागा नको?”

रांगेतून कुणीतरी ओरडलं, “ओ कंडक्टर, बेल मारा!”

“थांबा जरा!” बाबर मागं वळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते रांगेला थांबा म्हणाले असतील.

काकूंनी यंत्रावर पिशवी ठेवली. ज्वारी ओतली. एक किलोचा आकडा उमटला. पट्टी बाहेर आली, ती त्यांनी लावली, अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केली, पुन्हा एकदा दाबली. आत ओवी बसली होती, जिभेनं दातांची फट चाचपत. अर्धा महांतेश आणि निम्म्या चेहऱ्याची दीपाली तिच्यामागं उभे होते. त्यांच्याशिवाय आता तिथं अप्पांखेरीज कुणी नव्हतं. यानंतर हात गेला तर तो या चौघांतल्या कुणावर तरी पडणार होता.

हात निघालाच होता. काकूंनी त्याला अडवलं नाही. त्या फक्त अप्पांकडं बघत राहिल्या, आणि जे जे दिसलं ते गोळा करत गेल्या. भस्माचे तीन पट्टे, मधला नेहमी जरा वाकडा. मिरचीपूड मोजताना लागोपाठ दोन शिंका. कधी एक नाही, कधी तीन नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून चष्मा शोधणं. दुकानात कुणी नसलं की “मालू” आणि कुणी असलं की “अहो, ऐकलं का”. जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी विचारलेलं, शटरला तेल दिलंस का? आणि आपण खोटंच हो म्हणालो होतो. तेही त्यांनी घेतलं. मागं काही ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बोटं ज्वारीत शिरली, गार, गुळगुळीत, मनगटापर्यंत, आणि मिटली.

मूठ वर आली. पिशवीच्या तोंडावर आली. आणि तिथंच थांबली.

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. बाईची मूठ होती, निळ्या शिरांची, हिरव्या काचेच्या दोन बांगड्यांची. ती एका अनोळखी माणसाच्या पिशवीवर का धरली आहे, ते त्यांना समजेना. माप तर बरोबर झालं होतं. आकडा समोर दिसत होता.

“सोडा की, काकू,” तो माणूस म्हणाला.

“काय सोडू?”

“मूठ.”

“कशाला?”

त्यानं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आणखी रुंद केलं. मागची बाई टाचा उंचावून बघू लागली, तिच्या मागचाही. यंत्र गप्प झालं होतं. निनाद सर घाईघाईनं येत होते, पण त्यांच्या आणि चौथऱ्याच्या मधली फरशी लांबत होती, आणि ते चालत होते तिथंच होते.

मूठ परत कोठीत न्यावी म्हणून काकूंनी हात मागं घ्यायचा प्रयत्न केला. हात हलला नाही. उघडावी म्हटलं, तर कशी उघडतात तेही हाताला माहीत नव्हतं. त्यांनी ती आणखी घट्ट आवळली. आत धान्य नव्हतं. धान्य असं कोमट नसतं. आतून कुणीतरी, न घाबरता, सावकाश, करंगळीपासून एकेक बोट सोडवायला लागलं होतं.